गंगेत गेलेला पेनड्राइव्ह

मी थापाड्या आहे, हे हिरावाडीत कुणालाही विचारा. गंगेला पूर आला तेव्हा पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावर बसून मी भेळ खाल्ली, ही माझीच गोष्ट. त्यामुळे भुताखेतांवर माझा विश्वास असण्याचा प्रश्नच नव्हता. भुतं कशी तयार होतात ते मला ठाऊक आहे... दोन-चार मीच बाजारात सोडलीत. पण खालचं सगळं जसं घडलं तसं लिहितोय. वाढवायला काही सुचतच नाही.

२००४ सालची गोष्ट. पंचवटीत हिरावाडीला आमचं घर, आणि मालेगाव स्टँडजवळ माझ्या मोठ्या भावाचा, विलासदादाचा, सायबर कॅफे. मी तिथं त्याच्या हाताखाली. दादाच्या गळ्यात कायम एक पेनड्राइव्ह लटकलेला. त्या काळी पेनड्राइव्ह म्हणजे काय चीज होती! अख्ख्या पंचवटीत दोन असतील, आणि त्यातला दुसरा कुणी पाहिलेला नव्हता. एकशे अठ्ठावीस एमबी. आठ तोळ्यांचा गोफ घातलेला माणूस बाजूनं गेला तरी लोक दादाकडंच बघायचे. त्या पेनड्राइव्हच्या कडेला एक बारीक लॉक होतं. ते सरकवलं की आतलं काही पुसता येत नाही. एके दिवशी दादानं ते सरकवून वर वहिनीचं लाल नेलपॉलिश थापलं होतं, म्हणजे कुणी चुकूनही उघडायला नको.

त्या हिवाळ्यात दादा गेला. पस्तिशीतला माणूस, जेवता जेवता. त्याची छोटी तेव्हा अजून बसायलाही लागली नव्हती.

दशक्रियेला रामकुंडावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तिथं कावळे एवढे की आभाळ दिसू नये, पण आमच्या पिंडाकडं एक फिरकेना.

"विल्या, पोरीचं आम्ही बघू रे," काका हात जोडून म्हणाले. कावळा ढिम्म.

"कॅफे बंद नाय पडू देणार," काका पुन्हा म्हणाले.

काही नाही.

"दादा, वहिनींना काही कमी पडू देणार नाही," मी म्हणालो. लांब बसून बघत होता तो कावळाही उडून गेला.

काका माझ्या कानाशी आले. "तू गप ऱ्हा. तुझ्या शब्दावर तो जित्तेपणीबी विश्वास ठेवत नव्हता."

मग वहिनी पुढं आल्या. दादा गेल्यापासून पेनड्राइव्ह त्यांच्याच गळ्यात होता. तो काढून त्यांनी पिंडाशेजारी ठेवला, आणि मागं सरकायच्या आत कावळा आला. गुरुजी म्हणाले, "आता ते त्यांचं झालं." पिंडाबरोबर पेनड्राइव्हही गंगेत गेला. आम्हाला सुटल्यासारखं झालं. दुसरं काही वाटलंच नाही. त्या दिवसांत डोक्यात नुसता कापूस भरलेला होता.

तेरावं झाल्यावर एका दुपारी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कॉम्प्युटरमधून बारशाचे फोटो काढून द्या ना. ह्यांच्या मांडीवर छोटी आहे, तो तरी."

बापलेकीचा तो एकच फोटो. एरवी फोटो काढणारा दादाच, मग तो फोटोत येणार कुठून?

घरचा कॉम्प्युटर चालू केला आणि काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं धो धो वाहायला लागली. विंडोज गायब! दादानं सगळी डिस्क पुसून लिनक्स टाकलं होतं. आमच्या कॅफेतल्या सर्व्हरवरही तेच होतं, म्हणून मला थोडंफार येत होतं. शोध शोध शोधलं. एकही फोटो नाही.

"हो... ते म्हणाले होते," वहिनी सावकाश म्हणाल्या. "व्हायरस झालाय, सगळं पुसतोय, फोटो पेनड्राइव्हमध्ये घेतलेत. मी पोळ्या करत होते. नुसतं हो म्हणाले."

आणि तो पेनड्राइव्ह त्यांनी स्वतःच्या हातानं पिंडाशेजारी ठेवला होता.

काहीतरी करायचं म्हणून मी ती सुरुवातीची अक्षरं परत काढली. लिनक्स चालू होताना जोडलेल्या एकेका वस्तूची हजेरी घेतं... मेमरी हजर, डिस्क हजर, माउस हजर. ती यादी एका कमांडनं पुन्हा वाचता येते. एखादी दुसरी डिस्क आत असेल, एवढीच आशा. एकेक ओळ वाचत खाली आलो.

यूएसबी स्टोरेज सापडलं. दादाच्या पेनड्राइव्हच्या कंपनीचं नाव. एकशे अठ्ठावीस एमबी. राइट प्रोटेक्ट, म्हणजे ते बारीक लॉक — चालू.

मी उठून पेनड्राइव्ह लावायचे पुढचे पोर्ट बघितले, मग टेबल ओढून मागचे. रिकामे. मागच्यांत तर धूळ बसलेली. परत खुर्चीत बसलो. यादीत आणखी खाली शेवटची ओळ होती — यूएसबी डिस्कनेक्ट. म्हणजे लावलेला काढूनही घेतला.

वहिनींना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवून सगळं वाचून दाखवलं. घाबरलो का, म्हणाल तर नाही. हात-पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसं वाटत होतं.

"आले होते?"

"यात तसं दिसतंय."

"आणि लगेच गेले?"

"हो."

"त्यांचं तसंच. घरी आले तरी गाडी बंद करत नसत." मग पडद्याकडं बघत, "ते लॉक... अजून लागलेलंच आहे?"

"लागलेलं आहे."

"म्हणजे फोटो पुसता येणार नाही ना कुणाला?"

"नाही."

"मग राहू दे. ह्यांच्याकडं तरी आहे." आणि त्या छोटीचं दूध गरम करायला गेल्या. त्या फोटोबद्दल त्यांनी परत कधी विचारलं नाही.

मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. कितीतरी वेळा केलं. डिस्क हजर, माउस हजर... बस. ती ओळ पुन्हा आली नाही.

जाणकार म्हणतात, जुने मेसेज असतील. पण ती यादी दर वेळी मशीन चालू झालं की नव्यानं बनते, आणि ते तर मी त्याच दुपारी चालू केलं होतं. काका म्हणतात, तू वहिनीसाठी थाप मारलीस, चांगलं केलंस.

थाप असती ना, काका, तर पेनड्राइव्ह उघडला असता, फोटो निघाला असता, छोटीच्या खोलीत तो आज लागलेला असता. माझ्या थापेत डिस्कनेक्ट कशाला आलं असतं?