हिरव्या लोकरीची गाठ

मी चौथीपर्यंत शिकले. पण निर्माल्य पायाखाली येऊ द्यायचं नाही, हे आईने शाळेत घालायच्या आधीच शिकवलं होतं. नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे नागपूरहून भोपाळला आले, तरी तो नेम सोडला नाही. देवाची शिळी फुलं, दुर्वा, पत्री पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत भरायची, तोंड लोकरीने घट्ट बांधायचं आणि नेहरू नगरातून चालत जाऊन नदीत टाकायची. एक फूल सांडत नसे. मला त्याचा अभिमान होता.

नदीकाठी राहणारी एक बाई मला दूध घाली. तिची एकच गाय. त्या वर्षी गणपती उठले आणि चार दिवसांत तिचं दूध बंद झालं. मी विचारायला गेले, तर गाय आडवी पडलेली, पोटाला टाके. पोट फुगलं म्हणून डॉक्टरने ते कापून पन्न्या काढल्या होत्या, त्यांचा ढीग शेजारीच होता. त्यात माझी हिरव्या लोकरीची गाठ. पन्नी चावून चोथा झाली होती, गाठ सुटली नव्हती.

गप्प बसता आलं असतं. पण मी म्हटलं, "ये मेरी है."

"पता है, अम्मा," ती गायीच्या अंगावरच्या माशा हाकलत म्हणाली. "इसी ऊन का स्वेटर आपने मेरी बिटिया को बुनकर दिया था."

"फिर बोली क्यों नहीं?"

"आप पूजा का सामान डालती हैं. कैसे बोलती?"

मला ती चार शिव्या देती तर बरं वाटलं असतं. डॉक्टर म्हणाला होता, उठली तर वाचली. मी रोज ज्वारीची पेज घेऊन जायची. गाय तोंड लावत नव्हती. पाचव्या दिवशी उठली, आणि आधी पातेलंच लाथाडलं.

मग मी अंगणात तुळशीमागे खड्डा करून घेतला. निर्माल्य त्यात, वर माती. तिथे कोणाचा पाय पडत नाही. पुढच्या गणपतीत ओळखीच्या मराठी घरांतून टोपली घेऊन निर्माल्य गोळा करत फिरले. एक वहिनी म्हणाल्या, "काकू, नदीत सोडायचं असतं हो, शास्त्र आहे."

"शास्त्रात पन्नी आहे का?"

"मग नुसती फुलं सोडते."

"सोडा. नळाला तेच पाणी आलं तर प्याल?"

वहिनींनी तोंड वाकडं केलं, पण फुलं टोपलीत टाकली. पुढल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या अंगणात खणलं. मला सांगितलं नाही, मी कुंपणावरून पाहिलं. दोन घरं अजून ऐकत नाहीत. त्यांच्या पिशव्या काठाला अडकलेल्या दिसतात. वाकता येतं तोवर मी उचलून आणते.

गाय अजून तिथेच चरते. तिच्या कुशीवर टाक्यांचा व्रण आहे, त्यावर केस उगवले नाहीत. काठावर ती कशाला तोंड लावते, हे बघितल्याशिवाय मी घरी परतत नाही.