काटेबाईंची अर्धी गोळी

काटेबाई बाजारात शिरल्या की दुकानदार आपापले तराजू पुसायला लागायचे. तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान मूळचं त्यांच्या वडिलांचं. वडील गेले, भावांनी नाकं मुरडली आणि बाईंनी कंबर कसली, त्याला आता तीस वर्षं झाली. कुणी पारड्याखाली काही चिकटवलेलं सापडलं, की त्या चारचौघांत त्याची अशी हजेरी घ्यायच्या की तो महिनाभर मान वर करत नसे. लोकांनी नाव पाडलं काटेबाई, आणि ते बाईंना मनापासून आवडायचं.

अशी ही बाई गेले पाच महिने स्वतःलाच कमी माप देत होती.

त्यांच्या किडन्या निम्म्याहून कमी काम करत होत्या. उरलंसुरलं टिकवायचं तर रोज एक गोळी, न चुकता. नाहीतर डायलिसिस, म्हणजे आठवड्यातून तीन दिवस यंत्राला बांधून पडणं आणि दुकानाला कुलूप. गोळीची किंमत ऐकून पहिल्या दिवशीच बाईंनी महिन्याचा हिशेब दोनदा मांडून पाहिला होता. दवाखान्याच्या मदत खिडकीवर जाऊन पाहिलं, तर तिथल्या कारकुनाने दुकानाचा परवाना बघून कागद परत सरकवला. दुकान आहे, म्हणजे तुम्ही गरीब नाही. बाईंनी तो कागद उचलला आणि त्या खिडकीकडे पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही.

मग त्यांनी हाताला येत होतं ते केलं. सोनारांचे काटे तपासायला येत, त्यातल्याच एका काट्याशेजारी बसून धारदार पात्याने गोळी कापायची आणि दोन्ही भाग तोलायचे. भाग इतके तंतोतंत की वजनमाप निरीक्षकानेही दाद द्यावी. याचा त्यांना थोडा अभिमानही वाटायचा. हुशार माणूस मूर्खपणा करतो तोसुद्धा किती नीटनेटका करतो बघा!

पाच महिन्यांनी डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला. "किडनीचा हा आकडा, क्रिएटिनिन, एवढा वाढायला नको होता. गोळी रोज घेता ना?"

"घेते की."

"अर्धी घेते," बाईंचे यजमान म्हणाले. हा गृहस्थ चार माणसांत बोलला, ही वर्षातली पहिलीच वेळ.

"अहो!"

"कापते. तोलून कापते." एवढं बोलून ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "गिऱ्हाइकाला किलोऐवजी अर्धा किलो दिलेला तुम्हाला चालतो का हो? किडनीचं जे काम कमी झालं ते आता भरून येत नाही."

बाईंना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तीस वर्षं जे दुसऱ्यांच्या तोंडावर फेकलं, ते आज आपल्या पदरात पडलं होतं. लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग संताप आला. बाईंना संताप आला की डोकं नेहमीच चांगलं चालायचं.

"ही गोळी एकच कंपनी करते?"

"नाही. आता बऱ्याच जणी करतात, त्यांच्या स्वस्तही असतात. मी आपली सवयीने हीच लिहिते."

"त्या तपासून कुणी शिक्का मारतं का?"

"मारतं. सरकारी तपासणी असते."

"मग नुसतं औषधाचं नाव लिहा. कंपनीचं नको."

डॉक्टरबाई जराशा हसल्या. "लिहिते. पण अर्धी कधीच नाही. आणि सहा आठवड्यांनी रक्त तपासायचं."

"तपासायलाच हवं," बाई म्हणाल्या. न तपासता कशावर भरवसा ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

दवाखान्यासमोरच्या औषधवाल्याने चिठ्ठी पाहून तोंड वाकडं केलं. "मावशी, नुसतं नाव लिहिलेली ही औषधं हलकी असतात. आमच्याकडे ठेवत नाही आम्ही. मोठ्या कंपनीचीच घ्या."

"हलकी म्हणजे?"

"म्हणजे... भरवसा नसतो."

त्याच्या दुकानाच्या दारात माणसांचं वजन करायचा काटा होता. दरवर्षी बाईच तो दुरुस्त करून द्यायच्या, पैसे न घेता. त्यांनी काट्याकडे बोट दाखवलं. "याच्या कंपनीचं नाव केव्हाच पुसलं गेलंय. आजवर एकाने तरी विचारलं का रे, कुठल्या कंपनीचा म्हणून? काटा बरोबर आहे का, एवढंच बघतात. तिथे तपासणीचा शिक्का चालतो, आणि इथे माझ्या जिवाची वेळ आली की चालत नाही?"

"अहो मावशी, धंदा आहे..."

"माझाही आहे. तपासणीची वेळ झाली याची. नेते." आणि खरंच, यजमानांच्या मदतीने काटा हातगाडीवर चढवून त्या चालू पडल्या.

चार दिवसांत औषधवाला हैराण झाला. काटा कुठे, काटा कुठे, म्हणून लोकांनी त्याचं डोकं खाल्लं. वजन करायला थांबणारी माणसं जाता जाता काहीतरी घेऊन जायची, तीही थांबेनात. पाचव्या दिवशी तो गोळ्यांचा खोका घेऊन बाईंच्या दारात उभा. किंमत पहिलीच्या चौथाईहून कमी.

"एवढ्याने नाही भागायचं," बाई म्हणाल्या. "हा खोका तुझ्या समोरच्या फळीवर हवा. विचारेल त्याला दिसला पाहिजे. ज्या दिवशी दिसणार नाही, त्या दिवशी काट्याची तपासणी पुन्हा निघेल." त्याच संध्याकाळी काटा औषधवाल्याच्या दारात परत गेला.

सहा आठवड्यांनी डॉक्टरबाई म्हणाल्या, "आकडा जागच्या जागी आहे."

"खाली नाही आला?"

"गेलेलं परत नाही येत, बाई. पण आणखी गेलं नाही."

पाच महिन्यांचा तो हिशेब बाईंना आता जन्मभर वागवायचा होता. जिन्यावर त्या क्षणभर थांबल्या, डोळे पुसले आणि औषधवाल्याकडे गेल्या.

त्यांच्या पुढे एक गवंडी उभा होता. हाताला चुना, हातात कंपनीचं नाव लिहिलेली चिठ्ठी. किंमत ऐकून तो हळूच म्हणाला, "अर्धीच पट्टी द्या. एक दिवसाआड घेईन."

"अजिबात नाही!" बाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की गवंडी दचकला. "वर जा, डॉक्टरबाईंकडून नुसतं औषधाचं नाव लिहून आण. तोवर मी तुझा नंबर धरते."

औषधवाल्याने एकदा दारातल्या काट्याकडे पाहिलं आणि समोरच्या फळीवरचा खोका काढून गवंड्यासाठी गल्ल्यावर तयार ठेवला.