हिरवळीवरचं ऊन

हिवाळी अधिवेशनात दुपारच्या सुट्टीत विधानभवनाच्या हिरवळीवर बसायला मला फार आवडतं. नागपूरच्या थंडीतलं ते ऊन वार्ताहरालाही आळशी करतं. समोर सत्ताधारी पक्षातल्या जुन्या वळणाच्या आमदारांचा गट खुर्च्या टाकून संत्री सोलत बसलेला असतो. कुठलंही नवं विधेयक आलं की सभागृहात यांचं एकच म्हणणं, "चाललंय ते बरं चाललंय."

आज त्यांच्याच पक्षातली एक तरुण आमदार आपल्या विधेयकासाठी त्यांची मतं मागायला आली. ती बोलत असतानाच झाडाची सावली त्यांच्यावर आली. सगळे मुकाट्याने उठले आणि खुर्च्या उचलून उन्हात जाऊन बसले.

ती हसली. "काका, सरकलात की!"

त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर आमदारांनी तिच्या हातावर संत्र्याची फोड ठेवली. "आम्ही कुठे सरकलो, पोरी? मघाशी उन्हात होतो, आताही उन्हातच आहोत."

माणसं बदलत असतील ती बहुधा अशीच, ऊब शोधत आणि कबूल न करता.

तिने फोड तोंडात टाकली, एक रिकामी खुर्ची उचलली आणि जिथे ऊन अजून बराच वेळ राहणार होतं, तिथे नेऊन ठेवली. मग निवांत त्यांची वाट पाहत बसली.