ट्राऊट, सुकट आणि अण्णांची माकडटोपी

माझ्या सासऱ्यांची माकडटोपी हिमाचलातल्या एका जलाशयात, काठापासून चांगली चाळीस फूट आत, अगदी सरळ रेषेत जाऊन पडली. मासेमारीच्या माझ्या छोट्याशा कारकिर्दीतली ती सर्वोत्तम फेक होती.

फेकीच्या सुरुवातीला टोपी सासऱ्यांच्या डोक्यावर होती, हेही सांगायला हवं.

सासरे, म्हणजे अण्णा, देवगडचे. निवृत्त मास्तर, वय अठ्ठ्याहत्तर, आणि त्यातली सत्तर वर्षं हातात गरी, म्हणजे गळ. मी सोलापूरचा. आमच्याकडे पाणीच टँकरने यायचं, त्यात मासा कुठून असणार? लग्नाच्या पंगतीत मी सुरमईचा काटा गिळला आणि अख्ख्या वऱ्हाडाने मला केळी भरवली, तेव्हापासून अण्णांनी माझं नाव ‘कोरडवाहू’ ठेवलं. बावीस वर्षं झाली. पीएचडी झाली, प्राध्यापक झालो, मुलगी झाली, पण कोरडवाहू ते कोरडवाहूच. त्या माणसाने माझ्याबद्दल एक बरा शब्द काढावा, एवढीच माझी आयुष्यातली उरलेली महत्त्वाकांक्षा होती.

त्यात आम्ही राहतो जयपुरात, मानसरोवर नावाच्या वसाहतीत. खाली घरमालक खंडेलवालजी, वर आम्ही. खंडेलवालजींच्या घरात लसूणसुद्धा बिचकत येतो. रोज सकाळी ते मुंग्यांना पीठ घालतात. घर देताना त्यांनी एकच अट घातली होती, की मांस-मच्छी जिना चढणार नाही. माझी बायको मेधा भूलतज्ज्ञ आहे, ती मासे खायचे असले की कॉन्फरन्सला जाते. पण अण्णांना कुठली कॉन्फरन्स? म्हणून ते सहा वर्षांत आमच्याकडे फिरकले नव्हते.

गेल्याच्या आधीच्या दिवाळीत फोनवर ते पुन्हा म्हणाले, तुमच्या त्या वाळवंटात येऊन मी काय खाऊ? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की अण्णा, या वेळी या, मी तुम्हाला पहाडात नेतो आणि ट्राऊट खाऊ घालतो, स्वतः धरून! (आदल्याच रात्री मी मोबाइलवर फ्लाय फिशिंगचे सलग चार व्हिडिओ पाहिले होते.)

मग अण्णा म्हणाले, “बरां. तुमच्या हातचो मासो खाऊक येतंय मी.”

मेधाने माझ्या हातातून फोन घेऊन ठेवला आणि माझी नाडी पाहिली.

फ्लाय फिशिंग म्हणजे गळाला गांडूळ-बिंडूळ लावायचं नाही. पिसांची खोटी माशी बांधायची, ती लवचिक काठीने आणि जड दोरीने पाण्यावर अलगद टेकवायची, म्हणजे ट्राऊट फसतो. मी पदार्थविज्ञान शिकवतो. दोरीची गती, काठीचा कोन, सगळं मी फळ्यावर सोडवलं. माशीसुद्धा घरीच बांधली. गच्चीवर मोरांनी टाकलेली पिसं होती, आणि चमक यावी म्हणून मेधाच्या ओढणीचा वीतभर गोटा, म्हणजे जरीची पट्टी, उसवला. ती माशी लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती.

राहिला सराव. त्याला मोकळी जागा हवी आणि सुट्टी हवी, म्हणून मी संक्रांतीचा दिवस आणि आमची गच्ची निवडली. जयपुरात अकरा वर्षं काढलेल्या माणसाने हे करावं! त्या दिवशी अख्खं शहर गच्चीवर असतं आणि आभाळात पतंगांमुळे बोट घालायला जागा नसते. मी काठी मागे नेली, जोरात पुढे आणली, आणि वरून जाणाऱ्या कुणाच्या तरी मांज्यात माझी नवरी-माशी अडकली. ऐन पेचात असलेला एक लालभडक पतंग गिरक्या घेत आमच्या टाकीवर येऊन पडला. तीन गच्च्यांवरून माझा उद्धार सुरू झाला. दोरीने दुसऱ्याचा पतंग ओढून घेणं हे जयपुरात खिसा कापण्याच्या बरोबरीचं समजतात.

“प्रोफेसर साहब,” खंडेलवालजी व्यथित होऊन म्हणाले, “हमारी छत से ऐसा काम आज तक नहीं हुआ।”

मी त्यांना सगळं समजावलं. मासा धरायचा आहे हे ऐकून त्यांनी कानाला हात लावला. पण काठीवरून त्यांची नजर हटेना. शेवटी त्यांनी ती हातात घेतली, दोनदा तोलली, आणि तिसऱ्या झटक्यात दोरी अशी उलगडली की माशी पंचवीस फुटांवरच्या तुळशीच्या पानावर जाऊन बसली. पान हललंसुद्धा नाही! पन्नास वर्षं पतंग उडवलेला हात होता तो. माझा फळा, माझी समीकरणं, सगळं तिथेच पुसलं गेलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी शिकवणी. मासे धरणं पाप, पण दोरी चुकीची फेकणं त्यांना त्याहून सहन होत नव्हतं. “हाथ मत चलाओ, डोर की सुनो,” ते म्हणत. मी ऐकत असे. डोर काही बोलत नसे. दोन महिन्यांत मी तीन कुंड्या, इराचा कान आणि एकदा स्वतःचा लेंगा धरला. इरा, म्हणजे आमची मुलगी, एकदा वर येऊन म्हणाली, “बाबा, मतलब, मासा स्वतः पाण्याबाहेर आला तर नाही का चालणार?”

होळी झाली आणि अण्णा आले. माझी माशी त्यांनी चष्मा वर करून पाहिली, खाली करून पाहिली आणि विचारलं, “ह्यां कोण खातलो?” मग शांतपणे आपल्या पिशवीवर थाप मारली. पिशवीत मालवणी मसाला होता, तिरफळं होती, कोकमं होती, आणि खाली, चार पिशव्यांत गुंडाळलेली, अर्धा किलो सुकट. आमिष म्हणून! माझ्यावर त्यांचा किती भरवसा होता ते कळलं.

आणि आम्ही जाणार होतो खंडेलवालजींच्या गाडीतून. त्यांना वाटेत देवीचं दर्शन घ्यायचं होतं. शिवाय शिष्याची परीक्षाही बघायची होती. पाप आपको लगेगा, हम तो बस हवा देखेंगे, असं त्यांनी आधीच स्पष्ट केलं होतं.

हरियाणात शिरेपर्यंत उन्हाने सुकट जागी झाली. खंडेलवालजींनी एसी बंद केला, चालू केला, काचा उघडल्या. त्यांचं निदान पक्कं होतं, की बॉनेटमध्ये उंदीर मेलाय. हायवेवरच्या मेकॅनिकने तासभर गाडी उलगडली. तो तासभर मी टॉर्च धरून इंजिनात वाकलो होतो आणि नसलेला उंदीर मनापासून शोधत होतो. मेधा ओढणी तोंडाशी धरून हसत होती, अण्णा गव्हाची शेतं निरखत होते. पुढे खंडेलवालजींनी डॅशबोर्डवर मोगऱ्याची उदबत्ती लावली. सुकट आणि मोगरा, असे आम्ही पहाड चढलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जलाशय पाहिला आणि क्षणभर मी सगळं विसरलो. चहूकडे देवदार, वर बर्फ, आणि पाणी इतकं स्वच्छ की मला मासे दिसत होते. (त्यांनाही मी दिसत असणार.) मेधा आणि इरा विश्रामगृहावर कांदे चिरून, वाटण वाटून तयार होत्या. जलाशयावरच्या रखवालदाराने माझा मासेमारीचा परवाना पाहिला, मग सामान पाहायला घेतलं. इथे फक्त खोटी माशी चालते, खरं आमिष नाही, असं म्हणत त्याने अण्णांची पिशवी उघडली आणि एकेक वेष्टन काढत गेला. चौथं निघालं तेव्हा खंडेलवालजी वीस पावलांवर होते. ते थांबले. त्यांनी हवा हुंगली. पिशवीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

“मतलब,” ते म्हणाले, “चूहा नहीं था।”

जमीन दुभंगावी असं मला वाटलं. अकरा वर्षांचं घर आता जाणार, हे दिसतच होतं. आता निदान मासा तरी! मी दात-ओठ खाऊन काठी मागे नेली. मागे खुर्चीवर अण्णा बसले होते. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

टोपी रखवालदाराने लांब बांबूने काढून दिली. अण्णांनी ती पिळली आणि खुर्ची उचलून दहा पावलं मागे नेली. नंतर मी एक झुडूप धरलं, एक दगड धरला, आणि मग दोरी माझ्याच पायांभोवती अशी गुंडाळली की मला खाली बसावं लागलं. “जरा पकडिए,” म्हणून मी काठी खंडेलवालजींच्या हातात दिली. ते अजून माझ्याशी बोलत नव्हते. पण हातात काठी आणि समोर मोकळं आभाळ! माझे पाय सुटताहेत तोवर त्यांचं मनगट आपोआप हललं. दोरी हवेत उलगडली, गोट्याची माशी पाण्यावर टेकली, आणि पाणी फुटलं.

मासा लागला होता! काठीची कमान झाली. गुडघेदुखीवाले अण्णा खुर्चीतून उडाले आणि मालवणीत ओरडू लागले. खंडेलवालजी स्वतःलाच हिंदीत “ढील, ढील” सांगू लागले. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, पण अण्णा सोडायला सांगत तेव्हाच हे सोडत आणि ओढायला सांगत तेव्हाच ओढत. मी मध्ये जाळी घेऊन उभा होतो. दहा मिनिटांनी जाळीत एक दीड वितीचा, लाल ठिपक्यांचा, देखणा ट्राऊट उसळत होता.

आणि मग खंडेलवालजींना आपण काय केलं ते कळलं. चेहरा पांढराफटक पडला. ते अण्णांसमोर आले आणि हात जोडून म्हणाले, “बाबूजी, ये मेरे हाथ से हो गया। इसे जाने दीजिए।” त्यांचे डोळे भरले होते.

मी घाईघाईने मुद्दे मांडले. परवाना माझा, काठी माझी, माशी माझी, गोटा माझ्या बायकोचा! म्हणजे मासा माझाच, म्हणजे वचन पुरं झालंच. अण्णांनी माशाकडे पाहिलं. दोन हजार किलोमीटर आलेला, काल दिवसभर उदबत्ती हुंगलेला माणूस तो. मग त्यांनी वाटण तयार असलेल्या विश्रामगृहाकडे पाहिलं.

“गरी तुमची आसात,” ते मला म्हणाले, “पण ज्येच्या हाताक मासो लागलो, तेचो. आमच्या किनाऱ्यार असोच कायदो.”

ते पाण्याशी वाकले. अंगठ्याने गरी अशी काढली की माशाला कळलंही नसेल, त्याचं तोंड पाण्याकडे करून तो दोन्ही हातांत धरला आणि त्याने शेपूट हलवल्यावर सोडून दिला. खंडेलवालजींनी पाण्याला नमस्कार केला, मग अण्णांना केला. मला कुणीच केला नाही.

त्या दिवशी आम्ही राजमा-भात खाल्ला. अण्णांनी राजम्यावर मालवणी मसाला भुरभुरवला, खंडेलवालजींनीही चिमूटभर मागून घेतला. परतीच्या प्रवासात सुकटीचा विषय निघाला नाही. गाडीला महिनाभर वास येत होता, तरी घर शाबूत राहिलं.

या संक्रांतीला अण्णा न बोलावता आले. म्हणजे मी न बोलावता. खंडेलवालजींनी परस्पर निमंत्रण दिलं होतं. चार दिवस अण्णांनी मुकाट्याने बेसनाच्या गट्ट्याची भाजी खाल्ली आणि पाचव्या दिवशी, संक्रांतीला, दोन म्हातारे भल्या पहाटे गच्चीवर चढले. एकाच्या हातात पतंग, दुसरा वारा सांगतोय, आणि त्यांच्या मागे मी, मांज्याची चरखी धरून, जी मी गेली बारा वर्षं धरतोय.

शेजारच्या गच्चीवरून त्यांच्याकडच्या एका पाहुण्याने विचारलं, की बाबूजींच्या मागे ते कोण उभे आहेत? अण्णांनी वळून मला आपादमस्तक पाहिलं.

“ह्ये आमचे जावय,” ते म्हणाले. “चरखी बरी धरतत.”

बावीस वर्षांत पहिल्यांदा! ऊर असा भरून आला की मेधाला हे लगेच सांगावं म्हणून मी खाली धावलो, आणि अर्ध्या जिन्यात आठवलं, की चरखी हातातच आहे.