बंदुकीची सीट

वालीवला रिक्षाच्या सीट शिवणारे एक काका आहेत. बोलताना ते माणसाच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघतात. मला ते खटकायचं. त्यात बाकीच्यांना भरून चहा आणि मला अर्धाच कप. चिक्कू माणूस, असं मी ठरवून टाकलं होतं.

त्यांच्याकडे मी जायचे ते माझ्या नेमबाजीच्या एअर रायफलसाठी. लोखंडी स्टँडवर टेकवली की ती दर शॉटला उसळायची. मग तिच्याखाली ठेवायला मी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरची रेती गच्च भरून एक पिशवी केली आणि तोंड शिवून घ्यायला त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दाबून पाहिली.

"गच्च सीटवर पॅसेंजर उडतो, ताई. हिला पन बसायला जागा नको? आनि खारी रेती पानी धरते, बंदूक गंजेल."

त्यांनी नदीची कोरडी रेती भरली, जरा सैलच. न्यायला गेले तर पिशव्या दोन. दुसरी मुठीएवढी.

"ही कशाला?"

"बंदुकीच्या मागच्या लाकडाखाली धरा आनि दाबा. हात गप ऱ्हातो."

रविवारी माझे पाचही छर्रे रुपयाएवढ्या जागेत लागले.

आजारपणानंतर माझे हात कापतात, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. पण पहिल्या दिवशी त्यांनी मलाही कप भरूनच दिला होता, आणि त्यातला निम्मा चहा माझ्या ड्रेसवर सांडला होता. मी ते विसरले होते. अर्धा कप दुसऱ्या खेपेपासून सुरू झाला.