आल्विनाबाई आणि धुतलेल्या चकत्या

नॉर्डालच्या थिएटरात ऑर्गन आला तो एकोणीसशे पंचवीस साली, रेल्वेच्या दोन डब्यांतून. गावात धड डॉक्टर नव्हता, पण सातशे नळ्यांचा ऑर्गन मात्र हवा! का, तर शेजारच्या गावाने आणला म्हणून. पडद्यावर मुके सिनेमे चालायचे आणि खाली ऑर्गनपाशी बसून आल्विना टॉर्केलसन त्यांना बासरीपासून घोड्याच्या टापांपर्यंत सगळे आवाज द्यायची. चार वर्षांत पडदाच बोलायला लागला. मालकाने नळ्यांपुढे फळ्या ठोकल्या आणि आल्विना चर्चमध्ये भजनं वाजवू लागली.

त्याला त्रेचाळीस वर्षं झाली. महिला मंडळाने आता त्या फळ्या उखडल्या. गावचा नळकाम करणारा हार्लन दोन हिवाळे खपला आणि नळ्या पुन्हा बोलत्या झाल्या. रविवारी अख्ख्या गावापुढे आल्विनाबाई वाजवणार होत्या. खरी मेख वेगळीच होती. बाई दोनदा शेगडीवर पातेलं विसरल्या, म्हणून लेकीने, मार्लिसने, वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. “रविवारी नीट वाजवलंस तर मी तो विषय काढणार नाही, आई,” असं ती बोलून बसली होती.

शनिवारी दुपारी बाई सरावाला बसल्या. समोर खटक्यांची रांग आणि प्रत्येक खटक्यावर वाद्याच्या नावाची रंगीत चकती. ‘बासरी’ वाचून त्यांनी खटका दाबला, तर धडाड्‌दिशी ढोल वाजला. ‘घंटा’ दाबली, तर घोड्याच्या टापा!

“हार्लन, तू काहीतरी उलटंसुलटं जोडलंयस.”

“एकेक तार मोजून जोडलीय मी, आल्विनाबाई. नाचता येईना, अंगण वाकडं!”

बाईंनी पुन्हा वाचलं, पुन्हा दाबलं. पुन्हा टापा. खरंच का आपण सगळं विसरलो? त्यांच्या पाचावर धारण बसली. मार्लिस पहिल्या रांगेत कॉफीचा थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. “राहू दे ना आई, दमलीस तू,” ती म्हणाली. इतक्या गोड आवाजात की बाईंना रडूच आलं.

त्यांनी डोळे गच्च मिटले आणि बासरीसाठी हात नेईल तिथला खटका दाबला. बासरी! डोळे उघडून बघतात, तर वर चकती ‘ढोल’ची.

“या चकत्यांना कुणी हात लावला?” बाई कडाडल्या.

मंडळाची इडेला मागून पुढे आली. “अगं बाई! काळ्याकुट्ट झाल्या होत्या गं. मी सगळ्या काढून साबणाच्या पाण्यात घातल्या. मग लाल एकीकडे, पिवळ्या एकीकडे लावल्या. फोटोत किती छान दिसतात!”

“छान दिसतात? तुझ्या घरातले मसाल्याचे डबे असे रंगाने लावतेस का गं, भवाने?”

हार्लनचं तोंड एवढंसं झालं. मग तो चकत्या काढायचा, बाई खटका दाबून ऐकायच्या आणि सांगायच्या, “ही घंटा. हा ढोल. ही बासरी, आण इकडे.” तासाभरात एकोणीस चकत्या जागेवर बसल्या. मार्लिस नाक पुसत उठली. “आई, चुकलं माझं. तू घरीच राहायचंस. मी वृद्धाश्रमाला आजच कळवते.”

आता दोनच उरल्या, सनई आणि क्लॅरिनेट. बाईंनी पहिला खटका दाबला. मग दुसरा. पुन्हा पहिला. एके काळी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. आज दोन्ही सूर एकसारखेच लागत होते. हात कुठे जाईना, कान काही सांगेना.

“कुठली कुठे, बाई?” हार्लनने अदबीने विचारलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“ही इथे,” बाई ठासून म्हणाल्या, “आणि ती तिथे.”

“बघा, काय स्मरणशक्ती आहे!” इडेला म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बरोबर की चूक, हे सांगू शकेल असं नॉर्डालमध्ये आता कुणीच उरलं नव्हतं. आल्विनाबाईसुद्धा नाही.