गाडीचा हंडा

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे कुणाविषयी चार पानं लिहिणं हे आपलं काम आहे का, ही शंका अजून गेलेली नाही. वाचकांनी हे धाडस पोटात घालावं. ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांच्या हाती हे पडलं असतं, तर ते एवढंच म्हणाले असते, "कावून कागद नासवतो बे?"

आमच्या समोरच्या घरातले हे काका रोज सकाळी व्हॅनला किल्ली लावण्याआधी पुढच्या सीटवर तळहात ठेवायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. त्या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. "बरी हाय," असं स्वतःशीच पुटपुटायचे आणि मग किल्ली.

आमचं गाव युसूफ वडगावच्या अलीकडे. काका पूर्वी सहकारी साखर कारखान्यात चेअरमनची जीप चालवायचे. दुष्काळात ऊस वाळला, कारखाना बंद पडला. तेव्हा त्यांनी ही जुनी व्हॅन घेतली, मागच्या सीटा उपटल्या आणि गावच्या दूध संस्थेचे कॅन केजच्या शीतकरण केंद्रात पोचवायची फेरी मिळवली. तेवढ्या फेरीवरच त्यांचं घर चालायचं. पुढच्या सीटवर, म्हणजे थेट इंजिनावर, मी बसायचो. कॉलेजच्या वेळेला दुसरं वाहन नव्हतं.

"काय बे, खालून चटका बसतोय का?" काका वाटेत सारखं विचारायचे.

"थोडा."

"थोडा म्हंजे कपबशीएवढा का तव्याएवढा?"

मी तव्याएवढा म्हणालो की गाडी बाभळीखाली थांबायची. गाडीत तापमान मोजणारा सेन्सर होता, पण तो कामातून गेला होता. इंजिन उकळायला आलं तरी पंखा फिरायचा नाही. सेन्सरचं काम मी करत होतो आणि मला ते अजिबात आवडत नव्हतं.

केजच्या मिस्त्रीनं सेन्सर बदलायला सांगितलं. काकांनी नवा आणला, पण गाडी मिस्त्रीच्या हाती दिली नाही. "जीप मी घरीच खोलायचो," म्हणाले. दारात पोतं अंथरलं, सीट उलटी केली, बॅटरीची वायर काढली. सेन्सरच्या वायरीचा खटका इंजिनाच्या उष्णतेनं इतका कडक झाला होता की दाबताच तुटला. मग पाना लागेना. लागला तर सेन्सर हलेना. इंजिनात डोकं घालून काका त्याच्याशी भांडत होते. "सूनबाई रुसावी तसा रुसलाय," ते म्हणाले. आतून काकू म्हणाल्या, "तुमी पान्यानं बोलल्यावर कोण न्हाई रुसणार?"

शेवटी तो निघाला. टोकावर पांढरा, दगडासारखा थर बसलेला होता. भोकातून तांबूस पाणी वाहू लागलं. काकांनी खाली घमेलं धरलं, एक थेंब मातीत जाऊ दिला नाही. नवा सेन्सर बसवल्यावर तेच पाणी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून त्यांनी परत गाडीत ओतलं.

हे तुम्हाला विचित्र वाटेल. आमच्याकडे त्या सालांत कुणालाच वाटलं नसतं. भांडी धुतलेलं पाणी म्हशीला आणि आंघोळीचं पाणी झाडाला जायचं. पाणी फेकून देणं ही गोष्टच डोक्यात येत नसे.

नवा सेन्सर काही दिवस चालला आणि मेला. दुसरा आणला. तोही गेला. प्रत्येक वेळी तेच पोतं, तेच घमेलं, तेच फडकं. मी मोबाइलवर वाचून काढलं आणि धीर करून सांगितलं, "काका, सेन्सर खराब नाही. बोअरच्या खाऱ्या पाण्याचा थर बसतो. सगळं सोडून द्या, दोन-तीनदा गोडं पाणी भरून आतला खार धुऊन काढा, मग नवा बसवा."

"मला काय कळत न्हाई व्हय? घरातल्या तांब्याला खार धरतो, मंग ह्याला न्हाई धरणार?"

"मग?"

"गोडं पाणी टँकरचं. ते प्यायचं हाय. ते गाडीत भरू आन सोडून देऊ?"

"केजहून जार आणू."

"जार बी प्यायचाच असतो बे."

काकू म्हणाल्या, माझ्या वाटचं घ्या. काका म्हणाले, "तू काय उंट हायस का?"

मला इतका राग आला की मी सरळ उठून घरी आलो. ते अडाणी असते तर समजावता आलं असतं.

अडचण अशी होती की टँकरची रांग काकाच लावायचे. आधी मारामाऱ्या व्हायच्या, हंडे चेपायचे. काका उभे राहायला लागले तेव्हापासून सगळ्यांना सारखं मिळू लागलं. सख्ख्या भावजयीचा जास्तीचा हंडा त्यांनी सगळ्यांदेखत रिकामाच परत पाठवला होता.

मग एका सकाळी गाडी रस्त्यातच वाफा सोडून बंद पडली. आम्ही केंद्रावर पोचलो तोवर दूध नासलं होतं. तपासणाऱ्यानं कॅन तसेच परत पाठवले. काका घरोघर जाऊन सांगत फिरले, "तुमचं दूध माझ्या गाडीनं नासलं." संस्थेच्या सचिवांनी निरोप दिला की पुन्हा असं झालं तर फेरी वडगावच्या टेंपोवाल्याला देऊ.

पुढच्या टँकरला काका एक जादा हंडा घेऊन आले. रांगेसमोर उभे राहून म्हणाले, "हा हंडा गाडीचा हाय. लपवून भरत न्हाई. कुणाची हरकत आसंल तर बोला."

मग पुढची एक म्हातारी म्हणाली, "डायवर, माझी नातसून बाळंतीण झालती. एक घागर जादा मागितली तवा तुमी काय म्हनलात?"

"न्हाई म्हनलो."

"मंग?"

मागून दोन-तीन बाया म्हणाल्या, आसू द्या आजी, भरू द्या त्यांना. दूध आपलंच हाय. म्हातारीही म्हणाली, "मी भरू नका कुठं म्हनते? मी इचारलं फक्त."

काकांनी हंडा उचलला आणि रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा टँकरच्या पाइपातून नुसती हवा येत होती. मी शेजारीच होतो. ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ओरडायचं? ते हंडा पालथा धरून घरी गेले.

त्याच महिन्यात गाडी पुन्हा बंद पडली आणि फेरी गेली. मी मामांकडे केजला राहायला गेलो, तिथून पुढे औरंगाबादला. सुटीत आलो की व्हॅन दारात उभी दिसायची, टायर बसलेले. काका रोजगार हमीच्या कामावर जायचे आणि टँकरच्या दिवशी रांग लावायचे. गाडीचा विषय मी काढला की म्हणायचे, "तुझा अभ्यास काय म्हनतो?" त्यांनी एकदा तरी कुणाला दोष द्यावा, असं मला फार वाटायचं.

परवा परीक्षा संपली, तेव्हा आईनं फोन केला. समोरचे काका गेले. मला सांगितलं नव्हतं, पेपर चालू होते म्हणून. दहावासुद्धा होऊन गेला होता.

आई बोलत राहिली. "ते गेले त्या दिशी गावात कुणीच संस्थेत दूध घातलं न्हाई. कुणी सांगितलं नवतं, तरी. टेंपो आला आन रिकामाच गेला."

"मग दुधाचं काय केलं?"

"काय करायचं," आई म्हणाली. "लेकरं पिली."